भेटीस आलेले

"तेवढे दिवे घालवता का कोणी?" मॅडम म्हणाल्या, आणि भिंतीवर ते चित्र उमटलं.

काळ्या पडद्यावर तीन हजारांच्या आसपास पांढरे ठिपके होते. एक ठिपका म्हणजे एक बाई, असं आकडेवाल्याने, म्हणजे मॅडमसाठी संगणकावर आकडे मांडणाऱ्या माणसाने, आधीच सांगून ठेवलं होतं. प्रत्येक ठिपक्यातून एक बारीक रेघ निघून कुठल्या ना कुठल्या वर्तुळाला मिळत होती. कडेला एक चिमुकलं वर्तुळ होतं, पती. त्याहून जरासं मोठं, आई. मग वडील, मुलगा, मुलगी, भाऊ. आणि मधोमध ताटाएवढं केशरी वर्तुळ, ज्यात जवळपास सगळ्याच रेघा जाऊन बुडत होत्या. त्यावर लिहिलं होतं, बहीण.

"तीन हजार बायका," मॅडम म्हणाल्या. "मनोरुग्णालयात आणून टाकलेल्या. नवऱ्यांनी टाकल्या, वडिलांनी टाकल्या, पोटच्या मुलांनी टाकल्या. आणि सव्वाशे वर्षं त्यांना भेटायला कोण येत राहिलं? बहीण. सव्वीसशे जणींना. पुरुषांच्या विभागात असं काही दिसत नाही, तिथे सगळी सरमिसळ आहे. एकेक रजिस्टर उघडून वाचत बसलो असतो तर हे कधीच दिसलं नसतं. संगणकाने सगळी एकदम वाचली, म्हणून दिसलं. त्या एकट्या नव्हत्या. मला एवढंच सांगायचंय, त्या एकट्या नव्हत्या."

मॅडमना त्यांच्या थोरल्या बहिणीने वाढवलं, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी डोळे पुसले. आठ दिवसांनी मोठ्या सभागृहात व्हायच्या व्याख्यानाची ही नुसती तालीम होती, आणि तरी ही अवस्था.

"आणि ही सगळी माहिती भरली कोणी?" मॅडमनी माझ्याकडे हात केला. "आमच्या मावशींनी. सात वर्षं तळघरात बसून."

टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, लाजल्या. त्या सव्वीसशे बहिणी कोण, ते त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. चार-दोन डझन सोडल्या तर बाकी सगळ्या मीच होते.

मी टंकलेखिका. विद्यापीठात चौतीस वर्षं झाली. त्यातली सत्तावीस परीक्षा विभागात गेली, गुणपत्रिका बडवण्यात. सात वर्षांपूर्वी मॅडमचा 'संगणक आणि इतिहास' नावाचा प्रकल्प निघाला, आणि ज्या खात्याला जो माणूस नकोसा झाला होता तो त्याने तिकडे ढकलला. मला ढकललं ते बरंच झालं असं तेव्हा वाटलं होतं. गावातलं जुनं मनोरुग्णालय बंद पडून आठ वर्षं झाली होती. इमारत पाडताना त्याची रजिस्टरं पोत्यांत भरून ग्रंथालयाच्या तळघरात आणून टाकलेली होती. ती उघडायची, पानापानाचा फोटो काढायचा, आणि रकान्यांतली माहिती संगणकात भरायची. नाव टंकायचं नाही, नुसता क्रमांक. वय, कोणी आणलं, कारण, अंगावरची खूण, भेटीस आलेले, बाहेर गेल्याची किंवा वारल्याची तारीख.

आम्ही तिघं होतो. पुरुषांची रजिस्टरं दोघांकडे, एक पुढारी आणि एक त्याचा मित्र. पुढाऱ्याला पुढारी म्हणायचे कारण तो टंकण्यापेक्षा बोलायचा जास्त. बायकांची रजिस्टरं माझ्याकडे आली, का तर बायकांचं बाईने करावं. खोलीला खिडकी होती, पण ती पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर उघडायची. रजिस्टर उघडलं की कागदाची बारीक पूड उडायची आणि संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल तपकिरी व्हायचा.

पहिल्याच आठवड्यात आम्ही अडलो. संगणकावरच्या अर्जात कुठलाही रकाना रिकामा सोडला की त्याच्याभोवती लाल चौकट यायची आणि पान पुढे सरकायचं नाही. बाकीचे रकाने रजिस्टरात भरलेलेच असायचे. 'भेटीस आलेले' हा मात्र दहापैकी नऊ जणींच्या बाबतीत कोरा. अर्जात त्यासाठी एक यादी दिली होती. आई, वडील, पती, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, इतर. 'इतर' दाबलं की खाली आणखी एक चौकट उघडायची, इतर म्हणजे कोण ते लिहा, आणि तीही रिकामी ठेवता यायची नाही. अर्ज बनवणाऱ्याच्या डोक्यात एवढंच आलं नव्हतं की कोणीच आलेलं नसू शकतं.

आमच्यावर एक देखरेख साहेब होते. त्यांना मी विचारलं, "साहेब, कोणी आलंच नसेल तर काय टाकायचं?"

"कोणीतरी आलं असेल हो. कारकून लिहायला विसरला असेल."

"एवढ्या सगळ्यांच्या बाबतीत विसरला?"

"अहो मावशी, काहीतरी टाका आणि पान सोडा. मला वरून रोज विचारतात, किती पानं झाली. रकाने कोरे का आहेत असं कोणी विचारत नाही."

पुढारी आणि त्याचा मित्र ते फारच मनावर घेऊन कामाला लागले. बोटाखाली येईल ते. एकाला आई, दुसऱ्याला मुलगा, तिसऱ्याला भाऊ. त्यांची थाप अशी चहूकडे सांडलेली होती, म्हणून मॅडमच्या हिशेबात ती सरमिसळ होऊन खपून गेली. दोन वर्षांत आपली रजिस्टरं संपवून दोघांनी बदली करून घेतली. मी राहिले. माझं मात्र बोट एकाच जागी पडत आलं, आणि त्याला कारण होतं.

सुरुवात आम्ही नव्या रजिस्टरांपासून केली होती, कारण त्यांची शाई ठळक होती. अकराव्या दिवशी मी एक पान उलटलं आणि क्रमांक २८६१ समोर नावाच्या रकान्यात माझ्या माहेरचं आडनाव वाचलं.

मला धक्का बसला असं म्हणणं लबाडीचं होईल. रजिस्टरं कुठल्या रुग्णालयाची ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या कामाला नाही म्हणता आलं असतं. मी तसं म्हटलं नाही.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी दहाची होते. त्यानंतर माझी वेणी ताईने घातली, माझा डबा ताईने भरला, माझ्या शाळेत आईच्या जागी सही ताईने केली. दादा आमच्या दोघींच्या मधला, तो आपल्या तोऱ्यात असायचा. सगळ्यांचं करता करता ताई पंचविशीला आली आणि एक दिवस नळ सोडून त्याच्यासमोर उभी राहिली. बादली भरली, वाहिली, पाणी दारापर्यंत आलं, तरी ती हलेना. मग हे रोजचं झालं. बोलणं कमी होत गेलं. कोणाला मारलं नाही, काही फोडलं नाही, नुसती उभी राहायची.

त्याच सुमाराला माझं लग्न जमत होतं. मुलाकडची माणसं घर बघायला येणार होती. बाबा म्हणाले, "चार दिवस तिकडे ठेवू, औषधपाणी होईल." चार दिवस म्हणजे काय ते आम्हा तिघांनाही कळत होतं. तिची पिशवी मी भरली. दोन जोड कपडे, कंगवा, एक साबण. रिक्षात बसताना तिने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी म्हणाले, "दोन दिवसांत येते गं भेटायला."

मी एकोणीस वर्षांची होते. सासरी सांगितलं, आम्ही दोनच भावंडं, मी आणि दादा. आमच्या ह्यांना अजूनही तेवढंच माहीत आहे. ताई तिथे एकवीस वर्षं होती. रुग्णालय माझ्या सासरच्या घरापासून एका बसच्या अंतरावर होतं. मी एकदाही गेले नाही. आधी सासूची भीती, मग मुलं लहान, मग इतकी वर्षं गेली की आता कुठल्या तोंडाने जायचं. कारणं मला पाठ आहेत. रोज म्हणायची, पाठ व्हायचीच.

माझ्या मनाला एवढाच आधार होता की दादा जातो. दोन-चार महिन्यांनी त्याचा फोन यायचा. "जाऊन आलो. बरी आहे. तुझी आठवण काढत होती." एवढं ऐकलं की माझे पुढचे दोन-चार महिने निघायचे. ती गेली ते कळवायलाही त्याचाच फोन आला होता.

तर क्रमांक २८६१. वय सव्वीस. कोणी आणलं, वडील. कारण, 'बोलत नाही, पाण्यापाशी उभी राहते'. खूण, डाव्या भुवईवर व्रण. तो माझ्यामुळे झालेला, लहानपणी मी झोपाळा सोडला होता. वारल्याची तारीख. आणि त्याच्या अलीकडचा रकाना कोरा.

एकवीस वर्षं, आणि रकाना कोरा.

त्या दिवशी दुपारी मी बाहेर जिन्यावर बसून दादाला फोन केला.

"दादा, तू ताईला भेटायला जायचास ना?"

"आज हे काय मध्येच?"

"जायचास ना?"

"जायचो की."

"आत जायचास?"

त्याच्या घरातला टीव्ही मला ऐकू येत होता.

"फाटकापर्यंत जायचो," तो म्हणाला. "तिथे वही असायची गं. नाव लिहा, नातं लिहा, सही करा. माझ्या कचेरीतला एकजण तिथेच शेजारी राहायचा. कोणी बघितलं असतं तर?"

"मग?"

"मग काय. तिच्यासाठी फळं नेलेली असायची. ती बसमध्ये बसून खायचो."

"आणि माझी आठवण काढायची ती?"

उत्तराची वाट न बघता मी फोन ठेवून खाली आले. पडद्यावर लाल चौकट तशीच होती. मी यादी उघडली आणि 'बहीण' दाबलं. चौकट गेली, पान पुढे सरकलं. मला इतकं बरं वाटलं की त्याची आज लाज वाटते. बत्तीस वर्षांनी का होईना, मी जाऊन आले होते.

मग मला तो नादच लागला. पुढची बाई आली, रकाना कोरा. हिला तरी काय म्हणून आई द्यायची? आई असती तर ही इथे आली असती का? नवरा द्यायचा, तर आणून टाकणारा तोच. बहीण द्या. कोणी अठरा वर्षांची, कोणी साठीची, कोणी बाळंतपणानंतर आणलेली. मी सगळ्यांकडे गेले. बाकीचे दिवस पोती उपसण्यात आणि फोटो काढण्यात जायचे, पण भरायला बसले की दिवसाला वीस-पंचवीस जणींकडे जाऊन यायची आणि घरी येऊन निवांत जेवायची. आपण कोणाला फसवतोय असं मनात आलं नाही. रजिस्टरं कोण वाचणार होतं? सात वर्षांत मॅडम एकदाही तळघरात उतरल्या नव्हत्या. आकडेवाल्याने तर रजिस्टर कसं दिसतं तेही पाहिलेलं नव्हतं, तो वरच्या मजल्यावर बसून थेट आमच्या भरलेल्या तक्त्यांवर आपले प्रोग्राम चालवायचा.

तालमीच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली. सगळ्यांनी टाकलं, बहिणींनी नाही, असा मथळा. केशरी वर्तुळाचा फोटोही होता. त्या संध्याकाळी दादाचा फोन आला. तो आता बासष्टचा आहे, पाय चालत नाहीत.

"वाचलं," तो म्हणाला. "तुझ्याच कचेरीतलं ना हे? आपल्या ताईचं पण आहे का त्यात?"

"आहे."

"तिच्यापुढे काय लिहिलंय? कोण आलेलं?"

खरं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "बहीण लिहिलंय."

दादा रडायला लागला. त्याला रडताना मी आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं. "तू जायचीस," तो म्हणाला. "जायचीस आणि कोणाला बोलली नाहीस. मी आपला इतकी वर्षं... बरं केलंस गं बाई. फार बरं केलंस. माझ्या जिवाला घोर होता, आज सुटला."

जे मी केलं नव्हतं त्याबद्दल माझा म्हातारा भाऊ माझे उपकार मानत होता. आणि आठ दिवसांनी सभागृहात चारशे माणसं बसणार होती. त्यातल्या कितीजणांच्या घरची कोणीतरी त्या पोत्यांत होती कोण जाणे. मॅडम त्यांना सांगणार होत्या, ती एकटी नव्हती, आणि सगळे हलक्या मनाने घरी जाणार होते, दादासारखे. एकट्या होत्या त्या. तीन हजार जणींची पानं मी माझ्या हाताने उलटली आहेत.

सकाळी मी वर गेले. मॅडमच्या खोलीत आकडेवाला बसलेला होता. टेबलावर पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा नमुना होता, पुन्हा तेच वर्तुळ. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, लाल चौकट, यादी, देखरेख साहेब काय म्हणाले ते.

मॅडम आधी हसल्या. थट्टा करतेय असं वाटलं असावं. मग त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"मोजलं नाही. पण जवळपास सगळ्याच."

आकडेवाल्याने दहा क्रमांक काढले आणि त्या पानांचे फोटो उघडले. फोटो सात वर्षं त्याच्याच संगणकात होते, नुसते उघडायचे होते. दहापैकी दहा रकाने कोरे.

"मला शंका आलीच होती," तो म्हणाला. "सव्वाशे वर्षं एकच प्रमाण? माणसं इतकी नियमित नसतात."

"मग बोलला का नाहीत?" मॅडम त्याच्यावर घसरल्या.

"तुम्ही खूश होतात." मग तो माझ्याकडे वळला आणि त्याच्या चेहऱ्यावर खरंच कुतूहल होतं. "पण हेही इंटरेस्टिंग आहे हं. माहिती भरणाऱ्याचा माहितीवर परिणाम. यावर वेगळा पेपर होऊ शकतो."

मी आता पेपरचा विषय झाले होते. मॅडमनी त्याला बाहेर जायला सांगितलं.

"सात वर्षं, मावशी," त्या म्हणाल्या. "सात वर्षांत एकदा सांगावंसं वाटलं नाही?"

"मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं. साहेब म्हणाले, काहीतरी टाका. तुम्ही खाली आला असतात तर तुम्हालाही विचारलं असतं."

त्यांना ते लागलं. त्यांनी मुखपृष्ठ उलटं करून ठेवलं. जरा वेळाने त्या म्हणाल्या, "पण बहीणच का?"

एवढं एक त्यांनी विचारायला नको होतं. मी म्हणाले, "यादीत शेवटाला होतं. बोट तिथे जायचं."

शेवटाला 'इतर' होतं. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

व्याख्यान काही अपरिहार्य कारणाने पुढे ढकललं. पुस्तक छापखान्यातून न छापता परत आलं. वर्तमानपत्राला कोणी काही कळवलं नाही, त्यामुळे गावात अजूनही तीच बातमी खरी आहे. विभागातली माणसं जिन्यात भेटली की मोबाइलमध्ये बघायला लागली. महिनाअखेरीला माझी निवृत्ती होती, त्यासाठी वर्गणी काढून चहापान ठरलं होतं. त्याबद्दल पुन्हा कोणी बोललं नाही. मला मॅडमकडून एका ओळीचा निरोप आला. नोंदी तुम्हीच भरल्यात, जाण्याआधी तुम्हीच दुरुस्त करा.

दादाला मी त्याच दिवशी फोन करून खरं सांगितलं. त्याने फोन ठेवला नाही. टीव्ही ऐकू येत राहिला. शेवटी मीच ठेवला.

आकडेवाल्याने यादीत एक नवीन पर्याय घालून दिला. कोणी नाही. सात वर्षं जे झालं नव्हतं ते करायला त्याला पाच मिनिटं लागली.

मग तीन आठवडे मी पुन्हा तळघरात. या वेळी सगळ्यात जुन्या रजिस्टरापासून सुरू केलं. क्रमांक उघडायचा, रजिस्टर काढून खात्री करायची, 'बहीण' काढायचं, 'कोणी नाही' टाकायचं. दिवसाला सव्वाशे-दीडशे होत होते. भरताना वीस-पंचविसांवर जात नव्हते. भराभर काम उरकत होतं, त्याचंच वाईट वाटत होतं. ज्यांच्याकडे मी एकदा जाऊन आले होते त्यांच्याकडून एकेकीकडून उठून यायचं, आणि मागे वळून बघायचं नाही. दुपारी जेवण उतरायचं नाही.

खऱ्या बहिणी निघाल्या सदतीस. कारकुनाने शाईने लिहिलेल्या. एकीची तर अकरा वर्षं दर महिन्याला यायची. रकान्यात जागा पुरेना म्हणून त्याने समासात, उभं, आडवं, जिथे मिळेल तिथे 'बहीण' लिहून ठेवलं होतं. तिचं पान मी बराच वेळ उघडं ठेवलं. मला तिचा राग आला. इतका राग मला उभ्या आयुष्यात सासूचाही आला नव्हता.

शेवटच्या दिवशी साडेचारच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. मॅडम आल्या होत्या. दारात त्यांचं डोकं आपटता आपटता राहिलं, तिथली चौकट बुटकी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आत येताच त्या लागोपाठ चारदा शिंकल्या. मी त्यांना माझा रुमाल दिला.

"इथे बसायचात तुम्ही?" त्या म्हणाल्या.

"खुर्ची चांगली आहे. परीक्षा विभागातून आणलेली."

त्यांनी समोरचं रजिस्टर ओढून घेतलं. पान उलटायची सवय नव्हती, कोपऱ्यातून धरून ओढत होत्या. मी दाखवलं, मधून तळहाताने उचलायचं. मग त्या वाचत बसल्या. एक पान, दुसरं, तिसरं. बोट एकाच रकान्यावरून खाली खाली सरकत होतं.

"या पानावर एकीकडेही कोणी नाही?"

"नाही."

"आणि याच्यावर?"

"पुढे दोन पानांनी एकीचा मुलगा आहे. एकदा आलेला."

त्यांनी रजिस्टर मिटलं नाही. तसंच मांडीवर धरून बसल्या. वरच्या खोलीतल्या मॅडम आणि या मॅडम एकच, असं वाटेना. "झालं सगळं?" त्यांनी जरा वेळाने विचारलं.

"एक राहिलीय."

क्रमाने तिची पाळी दोन दिवसांपूर्वीच येऊन गेली होती. मी ती ओलांडून पुढे गेले होते. आता तीच उरली होती. पडद्यावर क्रमांक २८६१ उघडा होता आणि माझा हात माऊसवर होता. किती वेळ होता ते मला कळलं नाही.

"मावशी, का थांबलात?"

"ही माझी बहीण," मी म्हणाले.

एकोणचाळीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा कोणासमोर बोलले. आवाज अगदी साधा निघाला, कोणीतरी वेळ विचारावी आणि आपण सांगावी तसा. मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी परत विचारलं नाही, बहीणच का. त्यांना आता कळलं होतं.

"मग राहू दे की हे," त्या हलकेच म्हणाल्या. "बहीण आहेच ना तिला. ही एक नोंद राहिली तर काय बिघडणार आहे? मी कोणाला सांगणार नाही."

त्या मनापासून बोलत होत्या. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल माया वाटली आणि 'बहीण लिहिलंय' हे ऐकून दादाला काय वाटलं असेल तेही कळलं.

"बिघडणार काहीच नाही," मी म्हणाले. "पण मॅडम, मी कधी गेले नव्हते."

मी यादी उघडली. नवीन पर्याय सगळ्यात खाली होता. तो दाबला. लाल चौकट आली नाही. पान पुढे गेलं.